फ्रेडरिक बँटिंग : इन्सुलिन शोधणारा डॉक्टर आणि आपल्या वर्गातली मुलं



14 नोव्हेंबर म्हटलं की आपल्याकडे बालदिन. नेहरूंचा फोटो, गुलाबाचं फूल, भाषणं, खाऊ. त्याच दिवशी जगभर जागतिक मधुमेह दिनही पाळतात. तो याच तारखेला का, तर 14 नोव्हेंबर 1891 रोजी कॅनडातल्या ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतावर फ्रेडरिक बँटिंगचा जन्म झाला. योगायोग बघा, ज्याच्या कामामुळे सगळ्यात आधी लहान मुलांचे जीव वाचले, त्याचा वाढदिवस आपल्या बालदिनीच येतो. यंदाच्या परिपाठात नेहरूंच्या सोबतीने याचीही गोष्ट सांगता येईल. मुलांना सांगायची ती गोष्ट खाली आहेच, पण मधेमधे काही मजकूर खास तुमच्या-माझ्यासाठी आहे. तो मात्र 14 नोव्हेंबरपर्यंत थांबवू नका.

बँटिंगचं घर शेतकऱ्याचं. पाच भावंडांत हा शेंडेफळ. अभ्यासात फार चमक नव्हती. 1910 साली टोरोंटो विद्यापीठात कला शाखेत गेला आणि पहिल्याच वर्षी नापास झाला. पुढे 1912 मध्ये खटपट करून वैद्यकीय शिक्षणाकडे वळला. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा सैन्यात जायला निघाला, तर नजर कमजोर म्हणून परत पाठवलं. शेवटी डॉक्टर झाल्यावर सैन्याच्या वैद्यकीय दलात घेतलं. 1918 मध्ये फ्रान्समध्ये कांब्रेच्या लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या उजव्या हातात घुसला. स्वतः जखमी असूनही तो कित्येक तास इतर जखमींवर उपचार करत राहिला. त्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं.

युद्धावरून परतल्यावर टोरोंटोच्या मुलांच्या रुग्णालयात काही काळ शस्त्रक्रियेचं काम केलं, पण तिथे कायमची जागा मिळाली नाही. म्हणून 1920 च्या जुलैमध्ये त्याने लंडन नावाच्या गावात (हे लंडन कॅनडातलं बरं का) दवाखाना थाटला. रोग्यांची वाट बघत बसायचा. पहिल्या महिन्याची कमाई किती, तर 4 डॉलर! घर चालवायचं म्हणून तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात अर्धवेळ शिकवायला लागला. थोडक्यात, आपल्यासारखाच दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करणारा माणूस.

आता थोडं थांबून त्या काळात मुलांचा मधुमेह म्हणजे काय होतं ते बघू, नाहीतर पुढच्या गोष्टीची किंमत कळणार नाही.

शुगर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजी-आजोबा येतात. मुलांना बहुतेक वेळा होतो तो टाइप 1 मधुमेह. तो वेगळा. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या काही पेशी इन्सुलिन बनवतात. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच काही मुलांमध्ये या पेशींवर उलटते आणि त्यांचा नाश करते. मुलाने चॉकलेट जास्त खाल्लं म्हणून हे होत नाही, आईने लाड केले म्हणूनही होत नाही. हे पालकांना परत परत सांगावं लागतं, कारण शेजारीपाजारी पहिला दोष आईलाच देतात.

इन्सुलिन नसलं की खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तातच फिरत राहते, पेशींच्या आत जात नाही. कोठी धान्याने भरलेली, पण कुलपाची किल्ली हरवलेली, तशी गत. मग ती साखर लघवीवाटे बाहेर पडते आणि जाताना भरपूर पाणी घेऊन जाते. म्हणून सारखी लघवी, म्हणून सारखी तहान. आपला मधुमेह हा शब्दसुद्धा या गोड लघवीवरूनच आला आहे. उपाशी शरीर मग चरबी जाळायला लागतं. त्यातून किटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ तयार होतात आणि रक्त आम्ल व्हायला लागतं. पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल आणि जलद चालतो, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. मूल गुंगीत जातं आणि बेशुद्ध होतं. डॉक्टर याला डायबेटिक किटोॲसिडोसिस किंवा डीकेए म्हणतात. 1922 च्या आधी टाइप 1 झालेल्या बहुतेक मुलांचा शेवट असाच होत होता, काही महिन्यांत नाहीतर एक-दोन वर्षांत.

उपाय काय होता? उपासमार. अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक ॲलन यांची ही पद्धत. मुलाला इतकं कमी खायला द्यायचं की लघवीत साखर दिसू नये. मुलं थोडी जास्त जगायची, पण हाडांचा सापळा होऊन. ॲलन निर्दयी नव्हते, त्यांच्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

आता परत बँटिंगकडे. 30 ऑक्टोबर 1920 ची रात्र. शरीर साखर कशी वापरते यावर त्याला शिकवायचं होतं. तयारी करताना स्वादुपिंडावरचा एक लेख वाचला आणि झोप लागेना. स्वादुपिंडात दुहेरी काम चालतं. एक, पाचक रस बनवणं आणि दुसरं, रक्तातली साखर सांभाळणारा कसलातरी स्राव. कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं की त्याला मधुमेह होतो हे 1889 पासून माहीत होतं. पण तो स्राव वेगळा काढायला गेलं की पाचक रस त्याचा नाश करतात अशी समजूत होती. बँटिंगला वाटलं, पाचक रसाची नळीच बांधून टाकली तर? तो भाग सुकेल आणि उरलेल्या भागातून हवा तो स्राव मिळेल. मध्यरात्री उठून त्याने चार ओळींचं टिपण लिहिलं. त्यात मधुमेह या शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं आहे! शुद्धलेखनाची वही तपासताना हे आठवलं तर लाल पेन जरा हळू चालेल.

गंमत अशी की ती कल्पनाही पुरती बरोबर नव्हती. नळी बांधण्याची गरजच नव्हती हे पुढे त्यांनाच कळलं. खाटकाकडून आणलेल्या गाई-बैलांच्या स्वादुपिंडापासून अल्कोहोल वापरून अर्क काढता येत होता. पण त्या चुकीच्या कल्पनेने त्याला प्रयोगशाळेपर्यंत नेलं.

टोरोंटोचे प्राध्यापक मॅक्लाऊड हे या विषयातले जाणकार. संशोधनाचा अनुभव नसलेल्या या खेड्यातल्या डॉक्टरवर त्यांचा फारसा विश्वास बसला नाही. तरी त्यांनी उन्हाळ्यापुरती जागा दिली, प्रयोगासाठी कुत्रे दिले आणि चार्ल्स बेस्ट हा 22 वर्षांचा विद्यार्थी मदतीला दिला. 17 मे 1921 ला काम सुरू झालं. उकाडा, घाण वास, पगार नाही. सुरुवातीला अनेक कुत्रे दगावले. (हा भाग लहान मुलांना कसा आणि किती सांगायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. चौथीच्या खाली मी तरी सांगणार नाही.) जुलैच्या अखेरीस अर्क दिल्यावर एका कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरली. मार्जरी नावाची कुत्री तर स्वादुपिंड नसताना या अर्कावर सुमारे 70 दिवस जगली. डिसेंबरमध्ये जेम्स कॉलिप हा रसायनतज्ज्ञ अर्क शुद्ध करायला येऊन मिळाला.

आणि मग आला लिओनार्ड थॉम्प्सन. वय 14, वजन जेमतेम 30 किलो. टोरोंटो जनरल रुग्णालयात मरणाच्या दारात असलेला मुलगा. 11 जानेवारी 1922 ला त्याला पहिलं इंजेक्शन दिलं. साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध असल्याने सुईच्या जागी गळू झालं. उपचार थांबवले. बाराव्या दिवशी, 23 जानेवारीला, कॉलिपने शुद्ध केलेला अर्क टोचला. रक्तातली साखर 520 वरून एका दिवसात 120 वर आली. लघवीतले किटोन नाहीसे झाले. मुलगा उठून बसला. लिओनार्ड पुढे 13 वर्षं जगला.

एका मोठ्या खोलीत बेशुद्ध पडलेली मुलं इंजेक्शन देताच एकामागोमाग एक जागी झाली, अशी एक गोष्ट मोबाइलवर फिरत असते. ती मी सांगत नाही. नोंदी आहेत त्या एकेका मुलाच्या, आणि त्या पुरेशा आहेत. टेडी रायडर पाच वर्षांचा, वजन 12 किलोच्या आत-बाहेर. 1922 च्या जुलैमध्ये त्याला टोरोंटोला आणलं. ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज आली. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी, 15 पूर्ण होत आलेली आणि वजन 20 किलो. ॲलन यांच्या उपासमारीवर तिने तीन वर्षं काढली होती. मंत्र्याच्या घरातसुद्धा दुसरा इलाज नव्हता. इन्सुलिन सुरू झालं आणि काही आठवड्यांत ती पोटभर जेवायला लागली.

या मुलांमुळे एक नवीन गोष्टही डॉक्टरांना कळली. इन्सुलिन जरा जास्त झालं, किंवा इन्सुलिन घेऊन जेवण लांबलं, की साखर एकदम खाली जाते. हातपाय थरथरतात, दरदरून घाम येतो, मूल चिडतं, बरळतं, कधी झटका येतो. तेव्हा संत्र्याचा रस किंवा काहीतरी गोड जवळ ठेवायला सुरुवात झाली. आजही तोच उपाय आहे आणि शाळेत आपल्यावर प्रसंग आला तर तो हाच येण्याची शक्यता जास्त. पटावर टाइप 1 असलेलं मूल असेल आणि ते खेळाच्या तासाला किंवा पोषण आहाराच्या आधी असं दिसू लागलं, तर आधी त्याला बसवा. ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा. 70 च्या खाली म्हणजे कमी. मीटर नसेल तर शोधत बसू नका, लगेच साखर द्या. मोठ्या मुलाला चहाचे 3 चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून. लहान मुलाला कमी, पालकांनी डॉक्टरांकडून लिहून आणलं असेल तेवढी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. 15 मिनिटांनी परत तपासा, फरक नसेल तर परत द्या, बरं वाटलं की बिस्किट किंवा पोळी. त्याला एकट्याला घरी किंवा ऑफिसात पाठवू नका. आणि मूल बेशुद्ध असेल किंवा झटका आला असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा, 108 ला फोन करा. पालकांनी ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देऊन ते शिकवलं असेल तर ते द्या.

बँटिंगची पुढची हकिकत थोडक्यात. जानेवारी 1923 मध्ये इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क टोरोंटो विद्यापीठाला दिले ते प्रत्येकी फक्त 1 डॉलर घेऊन. अब्जावधी कमावता आले असते. त्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लाऊड यांना नोबेल मिळालं. बँटिंग तेव्हा जेमतेम 32 वर्षांचा. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारा तो आजही सर्वात तरुण आहे. आपला बेस्ट वगळला गेला म्हणून तो भडकला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्याला दिली. मॅक्लाऊडनेही आपला निम्मा वाटा कॉलिपला दिला. इथे एक सांगितलंच पाहिजे. बँटिंग तापट होता. कॉलिपशी त्याची प्रयोगशाळेत हातघाई झाली होती, आणि मॅक्लाऊडचा राग त्याने आयुष्यभर धरला. तो राग मला अन्यायाचा वाटतो. मॅक्लाऊडचं मार्गदर्शन आणि कॉलिपचं रसायनशास्त्र नसतं तर लिओनार्ड वाचला नसता. रुमानियातले पौलेस्कू यांनीही 1921 मध्ये असंच काम प्रसिद्ध केलं होतं, त्यांचं नाव तर बहुतेक ठिकाणी येतही नाही. मुलांना गोष्ट सांगताना एकाच हिरोची सांगू नका, एवढीच विनंती.

आता महत्त्वाचा मुद्दा. इन्सुलिन मिळून शंभर वर्षं होऊन गेली. तरीही मुलं डीकेएमध्ये रुग्णालयात पोचतात, आणि पुष्कळदा तीच त्या मुलाच्या आजाराची पहिली ओळख असते. औषध आहे, पण ओळखायला उशीर होतो. आणि उशीर का होतो, तर लक्षणं साधी वाटतात. मूल तासाला तीनदा करंगळी दाखवतं, आपल्याला वाटतं टाळाटाळ करतंय. पाण्याची बाटली सारखी संपते. कोरडं झोपणारं मूल परत अंथरूण ओलं करायला लागतं, घरचे त्याला रागावतात. गणवेश सैल होतो, वर्गात पेंगतं. ही लक्षणं दिसली तर पुढच्या आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा डॉक्टरांकडे साखर तपासून घ्यायला सांगा. बोटाला टोचून थेंबभर रक्त, मिनिटभराचं काम. सोबत उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास किंवा गुंगी असेल तर थेट मोठं रुग्णालय. तिथे सलाईन, इन्सुलिन, पोटॅशियम हे सगळं मोजूनमापून, हळूहळू द्यावं लागतं. घाईत पाणी जास्त गेलं तर मुलांच्या मेंदूला सूज येऊ शकते. म्हणून हा घरगुती उपायांचा आजार नाही. आणि तहानलेल्या मुलाचं पाणी तोडून लघवी कमी करायला तर कधीच जाऊ नका.

दुसरी गफलत होते ती मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाशी. वारंवार लघवी दोन्हींत असते. फरक साधारण असा : संसर्गात घाई खूप होते पण लघवी थोडी-थोडी येते, जळजळते, ओटीपोट दुखतं, बरेचदा ताप असतो. मधुमेहात लघवी भरपूर होते, जळजळ बहुधा नसते, तहान आणि वजन घटणं सोबत असतं. पण यावर विसंबून घरीच निदान करू नका. अगदी लहान बाळांत संसर्गाचं लक्षण नुसता ताप किंवा उलट्या एवढंच असू शकतं. आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. लघवीच्या तपासणीत साखर, किटोन आणि संसर्गाच्या खुणा तिन्ही बघता येतात, म्हणून नुसतं उन्हाळी लागली म्हणून धन्याचं पाणी पाजत आठवडा घालवणं धोक्याचं. संसर्ग ठरला तर अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस पूर्ण द्या. थंडी वाजून ताप, पाठीत-कुशीत दुखणं म्हणजे संसर्ग किडनीपर्यंत गेला असण्याची शक्यता.

मुलींना हा संसर्ग जास्त होतो, आणि यात शाळेचाही वाटा आहे. स्वच्छतागृह घाण असेल, कडी नसेल, कुलूप असेल, तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. संसर्गाला याहून चांगलं आमंत्रण नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत रंगरंगोटीच्या आधी हा विषय घ्या.

ज्या मुलाला मधुमेह आधीच आहे, त्याच्या बाबतीत संसर्ग म्हणजे दुहेरी संकट. ताप आला, लघवीचा संसर्ग झाला की साखर वाढते, किटोन तयार होतात. नेमकं तेव्हाच मूल जेवत नाही, आणि घरचे विचार करतात की जेवलं नाही तर इन्सुलिन कशाला. इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही. डोस कमी-जास्त करायचा तो डॉक्टरांना विचारून. आजारपणात साखर आणि किटोन वरचेवर तपासा, पाणी पाजत राहा, उलट्या थांबत नसतील तर रुग्णालयात न्या. हे वाक्य पालकसभेत ऐकवाच.

एलिझाबेथ ह्यूजचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. ती शिकली, लग्न केलं, तीन मुलांची आई झाली. 1981 मध्ये वारली, तोवर सुमारे 42,000 इंजेक्शनं घेऊन. पण आपल्याला मधुमेह आहे हे तिने जवळजवळ सगळ्यांपासून आयुष्यभर लपवलं. आपल्या वर्गातली मुलंही लपवतात. कुणी हसेल म्हणून स्वच्छतागृहात जाऊन सुई टोचतात, डबा वेळेवर उघडायला लाजतात. अशा मुलाला इन्सुलिनसाठी स्वच्छ, आडोशाची जागा द्या. तासाच्या मधे खायला, पाणी प्यायला, लघवीला जायला न विचारता परवानगी द्या. परीक्षेतसुद्धा, सीबीएसईने अशा मुलांना परीक्षेच्या खोलीत गोळ्या-खाऊ न्यायची सवलत 2017 मध्येच दिली आहे. टेबलाच्या खणात साखरेची पुडी आणि पालकांचा नंबर ठेवा, आणि तुम्ही रजेवर असताना वर्ग घेणाऱ्या बाईंना किंवा सरांना ती पुडी कशासाठी ते सांगून ठेवा.

बँटिंगला नंतरच्या आयुष्यात सर ही पदवी मिळाली, तो चित्रं काढायला लागला, उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशात जाऊन चित्रं रंगवून आला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा सैन्यासाठी संशोधन करत होता. फेब्रुवारी 1941 मध्ये इंग्लंडला जायला बॉम्बर विमानात बसला. न्यूफाउंडलंडमध्ये विमान कोसळलं आणि 21 फेब्रुवारीला तो वारला. वय 49. पाच वर्षांचा असताना त्याच्याकडे आलेला तो टेडी रायडर, बरा झाल्यावर त्याला पत्रं लिहायचा. टेडी 1993 पर्यंत जगला, 76 वर्षं.